पाण्यासाठी आलेलं बोलावणं

दाई बाळ बाहेर काढते असं लोकांना वाटतं. बाळ आपलं आपण बाहेर येतं. दाईने बसून राहायचं, हात स्वच्छ ठेवायचे आणि घरातल्या शहाण्या माणसांना दाराबाहेर ठेवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात कठीण.

मी तलासरीच्या बाजूला मिशनच्या एका लहान दवाखान्यात आया होते आणि आसपासच्या पाड्यांवर दाई. आता दोन्ही नाही. आता बायका सरकारी दवाखान्यात बाळंत होतात आणि ते बरंच आहे. काही जुन्या दाया डोळे पुसत सांगतात, आमची कला गेली. कला कसली. माझ्या हातून किती बायका वाचल्या ते लोक सांगतात. किती नाही वाचल्या ते मला माहीत आहे.

आमच्या मासिकाच्या नाताळ अंकवाल्यांनी मला विचारलं की हे सगळं देवाने निर्माण केलं अशी आपली श्रद्धा, ती रोजच्या कामात कशी उतरते त्यावर लिहा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला असलं विचारतात. मी म्हटलं, फादरना विचारा. ते म्हणाले, फादर दरवर्षी लिहितात, लोक वाचत नाहीत. म्हणून मी लिहिते आहे.

माझं म्हणणं साधं आहे. बाळ मी बनवलेलं नसतं. त्याच्या आईनेही बनवलेलं नसतं, तिच्या पोटात ते बनलेलं असतं. बनवणारा वेगळा. माझ्या हातात ते फक्त येतं. त्यामुळे ते कसं आहे यावर शेरा मारायचं काम माझं नाही. लग्नाआधी मी घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जात असे. तिथे बायका ओळीने बसून मोठे चिकू एका बाजूला, मध्यम दुसऱ्या बाजूला आणि बारके, डागी टोपलीत टाकतात. थोड्या दिवसांनी हात आपोआप चालतो, डोकं लावावं लागत नाही. दाई झाल्यावर पहिली मी ती सवय सोडली. मुलगी असो, मुलगा असो, काळं, गोरं, दिवस न भरलेलं, सगळ्यांचं एकाच आवाजात सांगायचं. बाळ आलं, आई बरी आहे.

गंजाडकडे एक सासरा होता. सुनेच्या दुसऱ्या खेपेला तो ओट्यावर बसला होता. मी बाहेर आले तशी त्याने विचारलं, "काय झालं?"

"बाळ झालं. आई बरी आहे."

"ते कळलं. काय झालं?"

"बाळच झालं."

"डोशे, पोरगा का पोरगी ते सांग ना."

"आधी सून कशी आहे ते विचार."

"आता तूच बोललीस ना बरी आहे म्हणून."

"मी बोलले. तू विचारलं नाहीस."

त्याने दातओठ खात विचारलं. मग मी सांगितलं, मुलगी. तिसऱ्या खेपेला मी दारात दिसताच तो म्हणाला, "सून बरी आहे ना? हां, आता सांग." माणूस सुधारला असं मी म्हणणार नाही. रीत शिकला. तेवढंही पुरतं.

घोलवडच्या एका चिकूच्या वाडीवाल्यांच्या घरी अडीअडचणीला मला बोलावत. तिथल्या आजीबाईंनी पहिल्यांदा मला पडवीतच थांबवलं. "तू ख्रिश्चन ना गं? मग सुनेवर काही पुटपुटू नकोस हो."

मी म्हटलं, "मी पुटपुटत नाही. मी साबण मागते."

पुढच्या वेळी गेले तेव्हा साबणाची कोरी वडी काढून ठेवलेली होती. ती सून कळा येताना विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचं नाव घेत होती. मध्येच थांबून मला म्हणाली, "तुम्हाला चालेल ना?" कळा येत असताना बाई ज्याला हाक मारते त्याला मारू द्यावी. त्यात दाईने पडू नये.

साबणाचं मला दवाखान्याच्या सिस्टरनी शिकवलं. त्या म्हणायच्या, हे बाळ कोणाच्या घरून येतंय ते लक्षात ठेव, आणि त्याला घाणेरड्या हाताने घेऊ नको. कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं कापलेली ठेवायची. अंकवाल्यांनी श्रद्धा रोजच्या कामात कशी उतरते विचारलं, तर माझी तिथे उतरते. पण एकदाच अशी वेळ आली की नुसते हात धुऊन भागलं नाही. ती सांगण्यासाठी आधी पाण्याचं सांगावं लागेल.

आमच्यात बाळाला देवळात नेतात आणि फादर त्याला बाप्तिस्मा देतात. डोक्यावर पाणी घालतात, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. पण बाळ दगावायला आलं आणि फादर जवळ नसले, तर ते पाणी कोणीही घालू शकतं. दायांना हे मुद्दाम शिकवतात. मला सिस्टरनी बाहुलीवर शिकवलं होतं.

पूर्वी पाणी न मिळता गेलेलं बाळ दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरत. आता तसं करत नाहीत. फादर म्हणतात, देव दयाळू आहे, तो त्यांचं बघून घेतो. फादर शिकलेले आहेत, बरोबरच सांगत असतील. पण ज्यांनी कुंपणाबाहेरचे ते दगड लहानपणी पाहिलेत त्यांच्या मनातून ते जात नाहीत. माझा एक भाऊ तिथे आहे. त्याला नाव नाही.

मी बऱ्याच बाळांना असं पाणी घातलं. त्यातली बहुतेक गेली, कारण जाणाऱ्यालाच ते घालायचं असतं. पण त्यातून पाड्यांवर एक भलतीच रीत पडली. दाईने पाणी घातलं म्हणजे बाळ जाणार, असं लोक धरून चालू लागले. पाणी पडलं की घरातली मोठी बाई आईला सांगायची, आता पाजू नको, उगाच लळा लागेल. आई भिंतीकडे तोंड करून पडायची. पुरुष कुदळ बघायला जायचे. बाळ अजून श्वास घेत असायचं. यात वाईट मन कोणाचंच नव्हतं. उलट, आता ते नीट देवाकडे पोचेल म्हणून सगळ्यांना हायसं वाटलेलं असायचं. असं एक बाळ मी पाणी घातल्यावर संध्याकाळपर्यंत रडताना ऐकलं. पाजलं असतं तर ते जगलं असतं का, मला माहीत नाही. ते भुकेने रडत होतं, एवढं माहीत आहे. भुकेचं रडणं वेगळं असतं, ते दाईला सांगावं लागत नाही.

मार्थाच्या घरचं बोलावणं आलं तेव्हा भातकापणी चालू होती आणि मी दवाखान्यातलं काम सोडलेलं होतं. मार्था माझ्याच वयाची, आमच्याच देवळातली. रोज माळ जपणारी, उपास न चुकवणारी, रविवारी पहिल्या बाकावर बसणारी. तिचा मुलगा अंतोन वापीला कंपनीत होता, आठवड्याने घरी यायचा. त्याची बायको सुनीता पहिलटकरीण. तिचं नाव दवाखान्यात घातलेलं होतं. पण दिवस भरायच्या जरा आधीच कळा आल्या आणि गाडी बोलवायच्या आत बाळ घरातच आलं. मला त्यांची शेजारीण काशी बोलवायला आली. काशी आमच्या धर्मातली नाही, पण दोन्ही घरांची चूल जवळजवळ एक.

"बाय, चल. मार्थाडोशीने बोलावलंय."

"कळा कधीपासून?"

"झालं बाळ. पोरगी हाय. दवाखान्याची आशाताई आली होती, तिनेच नाळ कापली. ती आता टेकाडावर गेलीय गाडीला फोन लावायला. खाली रेंज नाय."

"मग मला कशाला?"

काशीने माझ्याकडे बघितलं नाही. "पाणी घालायला."

मी कामाची पिशवी तशीच घेतली. वाटेत काशी म्हणाली, "तोंड फाटलंय पोरीचं. वरचा ओठ नाकापर्यंत. बायका बोलतात, सुनीताने ग्रहणात विळी धरली असंल."

"मी ग्रहणात मासे कापले. माझ्या तिन्ही पोरांची तोंडं शाबूत आहेत. जरा जास्तच चालतात."

काशीला हसू आलं. मग आपण हसलो याचंच तिला वाईट वाटलं आणि ती भरभर पुढे चालायला लागली.

घरात सुनीता कोपऱ्यात गोधडीवर पडली होती, डोळे उघडे. बाळ कापडात गुंडाळून सुपात ठेवलेलं होतं, तिच्यापासून लांब, दुसऱ्या भिंतीला. येशूच्या तसबिरीखाली स्टीलची वाटी होती. देवळातून आणलेलं पाणी मार्थाने त्यात आधीच ओतून ठेवलं होतं.

मी साबण मागितला.

"साबण कशाला?" मार्था म्हणाली. "पाणीच तर घालायचंय."

"बाळाला हात लावायचाय."

हात धुऊन मी बाळ उचललं. अंग गरम होतं, रंग चांगला होता. ओठ मध्ये चिरल्यासारखा, वर नाकपुडीपर्यंत. करंगळी आत घातली तर टाळूही उघडी लागली. माझी करंगळी तिने लगेच धरली, पण ओढ येईना. ओढायला तोंडात हवा धरावी लागते, आणि तिची हवा वरून निघून जात होती. मग ती रडली. ते रडणं मला कळलं. हे बाळ जाणारं नव्हतं. ते उपाशी होतं.

"घाल," मार्था म्हणाली.

"दूध दिलं का?"

"कशात देऊ? तोंड बघ तिचं."

सुनीता कोपऱ्यातून बोलली, "मी लावलं होतं छातीला. ओढतच नाय. थोडं गेलं ते नाकातून आलं."

"तू पडून राहा," मार्था तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हे बघ. देवाने बनवलं असं आपण मानतो ना? मग त्यानेच हिला प्यायला तोंड दिलं नाय. का दिलं नाय? त्याला ती परत पायजे म्हणून. आपण कोण मध्ये येणार? पाणी घाल, सुखाने जाऊ दे तिला."

 ती बोलत होती ते माझंच होतं, नुसतं उलटं करून घातलेलं. बनवणारा वेगळा, आपण शेरा मारायचा नाही, हे धरून मी इतकी वर्षं काढली. ती म्हणत होती, बनवणाऱ्याने स्वतःच शेरा मारलाय, तो वाच.

"तोंड दिलंय," मी म्हटलं. "जरा जास्तच उघडं दिलंय."

"चेष्टा करू नको. आज नको."

"चेष्टा नाही. असं एक बाळ दवाखान्यात आलं होतं. सिस्टरनी त्याला चमच्याने पाजलं. जरा मोठं झाल्यावर डॉक्टर ओठ शिवतात, मग टाळू शिवतात. ते पोर आता म्हशी राखतं."

"सिस्टर हायेत का इथे?"

सिस्टर नाशिकला गेल्या होत्या. फादर दुसऱ्या गावच्या सणाला. हे तिला माहीत होतं, म्हणूनच तिने मला बोलावलं होतं.

"नाहीत. मी आहे. आधी दूध, मग पाणी."

"आधी पाणी. दूध पाजताना ठसका लागला आणि गेली तर? तुझ्या भावासारखी कुंपणाबाहेर घालू तिला?"

काशी दारात उभी होती, तिने मान खाली घातली. मार्थाचं म्हणणं खोटं नव्हतं. अशा बाळाला पाजताना चमचा चुकला तर दूध श्वासात जातं. बाळ काळंनिळं पडतं. मी सिस्टरना पाजताना पाहिलं होतं, एकदोनदा त्यांच्या देखत पाजलंही होतं, पण एकटीने कधी नाही. तसं काही झालं असतं तर पोर माझ्या हातात गेली असती, बिनपाण्याची, आणि तिचा जीव आणि पुढचं सगळं माझ्यावर आलं असतं.

वाचणारे म्हणतील, पाणी घालून मग दूध पाजायचं, दोन्ही झालं असतं. मीही तेच म्हटलं. मी मार्थाला म्हटलं, "घालते. पण मग पाजायचं थांबायचं नाही. गाडी येईपर्यंत, दवाखान्यात, घरी आल्यावर, चमच्याने, थोडं थोडं, दिवसरात्र. अंतोनने नको म्हटलं तरी. तसबिरीसमोर उभी राहा आणि तसं म्हण. मी या क्षणाला पाणी घालते."

मार्थाने तसबिरीकडे पाहिलं. ती बाई खोटं बोलत नाही, आणि तिथे तर नाहीच नाही.  मला वाटलं म्हणेल.

"तसं मी बोलणार नाय," ती म्हणाली. "पाणी घातल्यावर पोर देवाची. मग तिला धरून ठेवणं बरोबर नाय."

"मग मी घालणार नाही."

"दाई हायेस तू. तुला नाय म्हणता येत नाय."

"येतं. आत्ताच म्हटलं."

ती वाटी घेऊन माझ्यासमोर आली. "मग मी घालते. मला चालतं का?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. नुसतं नाही म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं. पण बनवणाऱ्याचं नाव घेऊन मी दूध पाजणार, आणि त्याच्याच पाण्याबद्दल खोटं सांगणार, हे मला जमलं नसतं.

"कोणालाही चालतं," मी म्हटलं. "नावं माहीत आहेत तुला. घाल."

तिने घातलं नाही. वाटी हातात धरून ती तिथेच उभी राहिली. मी सुनीताकडे गेले.

"सुनीता, उठता येईल?"

"सुनीता, पडून राहा," मार्था म्हणाली.

सुनीताने दोघींकडे पाहिलं. ती अशक्त होती, मधूनमधून तिला गुंगी येत होती. मग भिंतीला धरून ती उठून बसली आणि तिने ब्लाउजची बटणं सोडली. "काय करायचं, बाय?" एवढंच तिने विचारलं. दूध हाताने कसं काढायचं ते मी तिला दाखवलं. पहिलं दूध घट्ट, पिवळट, थोडंच येतं. तेवढंच लागतं. काशीने न सांगता चूल पेटवली आणि एक वाटी नि लहान चमचा उकळत्या पाण्यात टाकला.  बाहेर टेकाडावर आशाताई फोनवर ओरडून बोलत होती, ते ऐकू येत होतं, गाडीला वाट सांगत होती.

अशा बाळाला आडवं पाजायचं नसतं. बसल्यासारखं धरायचं, मान आपल्या तळहातावर. चमचा फाटलेल्या बाजूला नाही, गालाच्या आत टेकवायचा आणि थेंब सोडून थांबायचं. गिळलेलं दिसलं की दुसरा. घाई केली की गेलं.

पहिला थेंब नाकातून बाहेर आला. मार्थाने तोंडाने काहीतरी आवाज केला. मी पुसलं. दुसरा थेंबही आला. तिसऱ्याला गळा हलला. मला दिसला, सुनीतालाही दिसला. मग आणखी काही गेले. ती घाईने जिभेने चमचा शोधायला लागली आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं तिथेच माझा हात जरा सैल झाला. चमच्यातलं होतं ते सगळं आत गेलं.

ती ताठ झाली. आवाज बंद झाला. रडणंही नाही, ठसकाही नाही. ओठांभोवती निळं दिसायला लागलं.

"गेली," मार्था म्हणाली. "गेली, गेली. बाय, पाणी."

वाटी तिच्या हातात होती. माझ्यापासून हातभर. मला फक्त बोटं बुडवायची होती आणि तीन नावं घ्यायची होती. तेवढा वेळ होता. पण त्यासाठी एक हात सोडावा लागला असता आणि पोरीला दोन्ही हात लागत होते. मी तिला माझ्या हातावर पालथी घेतली, डोकं खाली केलं आणि पाठीवर खांद्यांच्या मधोमध थापटायला लागले. देवाला काही म्हटलं का, आठवत नाही. बहुतेक नाही.

नाकातून दूध आणि शेंबूड यायला लागला आणि तिथेच अडकला. माझे हात गुंतलेले होते.

"नाक," मी म्हटलं. "कोणीतरी नाक पुसा."

मार्थाने वाटी जमिनीवर ठेवली. खाली बसली, पदराचं टोक पिळून बारीक केलं आणि दोन्ही नाकपुड्यांतून तो चिकट पदार्थ ओढून काढला. मग फाटलेल्या ओठात बोट घालून तेही साफ केलं. ज्या तोंडाकडे ती सकाळपासून बघत नव्हती त्यात तिने बोट घातलं. पोर खोकली. पुन्हा खोकली. मग एवढी रडली की टेकाडावरून आशाताई काय झालं म्हणून धावत खाली आली.

काशी दारातच बसली.  मी पोरीला उताणी करून पाहिलं, रंग परत आला होता. तो नीट येईपर्यंत मी थांबले आणि पुन्हा चमचा उचलला. मी आता हे लिहिते ते धाडसाचं वाटेल. धाडस नव्हतं. ती उपाशी होती, आणि मघाच्या थेंबांनी काही पोट भरलेलं नव्हतं.

माझा हात कापत होता. चमचा तिच्या गालापर्यंत पोचेना.

"तू वाकडा धरतेस," मार्था म्हणाली. ती अजून खालीच बसलेली होती. "दे इकडे."

मी तिच्याकडे पाहिलं. या बाईने आताच सांगितलं होतं की पोरीला धरून ठेवणं बरोबर नाही. चमचा तिच्या हातात दिला आणि तिने मुद्दाम भरभर ओतलं, तर कोणालाही कळलं नसतं. मघाशी माझ्याकडून झालं तसंच झालं म्हणाले असते. असा विचार माझ्या मनात आला, तो मी लपवत नाही. पण मला पाजता येत नव्हतं आणि दुसरं कोणी नव्हतं.

मी चमचा दिला. पोरीला मीच धरून ठेवलं.

तिने गालाच्या आत चमचा टेकवला, थेंब सोडला आणि थांबली. गळ्याकडे बघत राहिली. मी किती हळू पाजलं होतं, त्याहून ती हळू होती. गिळलं की मान हलवायची, मग दुसरा थेंब. दुधाची वाटी संपेपर्यंत तिने वर पाहिलं नाही. नंतर पोरीला खांद्यावर घेऊन पाठ चोळली, ढेकर काढला आणि सुपात न ठेवता सुनीताच्या कुशीत दिली.

"आणखी दूध काढ," ती सुनीताला म्हणाली. "गाडीत लागंल."

  गाडी आली तेव्हा पाण्याची वाटी जमिनीवर तशीच होती, आणि काशीने कोणाचा पाय लागू नये म्हणून ती उचलून तसबिरीखाली परत ठेवली.

डहाणूला इस्पितळात पोरीला ठेवून घेतलं. डॉक्टरांनी नळी घातली, मग काढली, सुनीताला चमच्याने पाजायला शिकवलं, नीट, माझ्यापेक्षा चांगलं. अंतोन वापीहून थेट तिथे आला. तो बाहेर बाकावर बसून रडला, मग पोरीला कपडे आणायला बाजारात गेला. सुनीता हिंडतीफिरती झाल्यावर नाताळच्या आधी देवळात पोरीचा बाप्तिस्मा झाला, सगळ्यांसारखा, फादरच्या हातून. पुढे ओठ शिवला, मग टाळू शिवली. आता ती शाळेत जाते. थोडी नाकातून बोलते आणि खूप बोलते.

फादर परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझं मन काय सांगतं. मी म्हटलं, मन दोन्ही बाजूंनी सांगतं, म्हणून तर तुमच्याकडे आले. ते हसले.  देवाने तिला असं का बनवलं, हे लोक मला अजून विचारतात, जणू मी तिथे हजर होते. मला माहीत नाही. ज्याने बनवलं त्याने ती उपाशी बनवली होती, एवढं मला त्या दिवशी दिसलं, आणि मी तेवढ्यावर चालले. मार्थाला त्याच बाळात दुसरं दिसलं. ती माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करते.

मार्था अजून म्हणते की मी चुकले. समोर म्हणते, पाठीमागे नाही, हे तिचं चांगलं. मागच्या पास्खाला, म्हणजे ईस्टरला, देवळातून बाहेर पडताना तिने मला गाठलं. नात पुढे उड्या मारत चालली होती.

"वाचली ते सोड," मार्था म्हणाली. "नसती वाचली तर? वर गेल्यावर तुला विचारणार, पाणी हाताशी असताना का नाय घातलंस."

"विचारू दे."

"काय सांगशील?"

"सांगेन की पाणी माझ्या हातात नव्हतं, मार्थाच्या हातात होतं. तिने वाटी खाली का ठेवली ते तिला विचार."

 मार्थाने नातीला हाक मारली, रस्त्याच्या कडेने चाल म्हणून.